सिमेंट कमी केलेला स्पॅन

पूर्व उपनगरात, खाडीला लागून आमच्या फ्लायओव्हरचं काम चालू आहे. क्वालिटी माझ्याकडे. पहिल्या स्पॅनचा, म्हणजे दोन खांबांमधल्या भागाचा, डेक स्लॅब (वरचा रस्त्याचा थर) काँक्रीटने भरला, ताकद तपासायचे क्यूब झकास आले, सगळे खूश. मग एका सकाळी, पाणी मारलेला स्लॅब सुकताना भेगा दिसल्या. बाकीचा स्लॅब पांढरा पडतो, भेगेत ओल टिकते, म्हणून काळी रेघ उठून दिसते. सगळ्या आडव्या, गर्डरला (खालच्या तुळयांना) काटकोनात. क्रॅक स्केल लावली, तर काही ०.२ मिमीच्या पुढे. इथला खारा वारा त्या वाटेने थेट सळईला भिडतो.

मीटिंगमध्ये पहिली सूचना आली: पुढच्या स्पॅनला सिमेंट वाढवा! माझं डोकंच फिरलं. त्या मिक्समध्ये घनमीटरला ४५० किलो निव्वळ ओपीसी (साधं पोर्टलँड सिमेंट) आणि १८० लिटर पाणी होतं. ताकद मुख्यतः पाणी-सिमेंटच्या प्रमाणावर ठरते. इथे ते ०.४०. तेच प्रमाण ठेवून ३८० किलोवर आलो, तर पाणी १५२ लिटरवर येतं. आकसते ती सिमेंट-पाण्याची पेस्ट, खडी नव्हे. खालचे जुने गर्डर नव्या स्लॅबला आकसू देत नाहीत, म्हणून तो फाटतो. शिवाय जास्त सिमेंट म्हणजे जास्त उष्णता. २०००च्या आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात ४५० किलोच्या वर जाण्याबद्दल याच भेगांचा इशारा आहे. आपल्याकडे मात्र जास्त सिमेंट म्हणजे पक्कं काम, ही समजूत इंजिनिअरांच्याही डोक्यातून जात नाही.

पुढच्या स्पॅनला ३८०पैकी १५० किलो सिमेंटऐवजी स्लॅग, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतल्या मळीची पूड, घेतला. एवढ्या कमी पाण्यात क्रश सँडचा (दगड फोडून केलेल्या वाळूचा) माल पंपातून जाईना. चाळण्या लावून १० आणि २० मिमी खडीचा मेळ पुन्हा बसवला, माल पातळ करणाऱ्या ॲडमिक्श्चर रसायनाचा डोस थोडा थोडा बदलत स्लम्प, म्हणजे मालाचा प्रवाहीपणा, धरला. प्लँटच्या ऑपरेटरला खडीची ओल नुसती मुठीत घेऊन कळते. मीटिंगमधल्या निम्म्या लोकांपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला.

ट्रॅफिकमुळे स्लॅब रात्री भरला. फोरमन काका म्हणाले, "साहेब, माल चिकट आहे. मिक्सरमध्ये जरा पाणी सोडू?"

"थेंबभरही नाही, काका. डोस वाढवू."

सात दिवसांचे क्यूब कमी आले आणि वरून फोन सुरू झाले. स्लॅग ताकद सावकाश धरतो, हे प्रत्येकाला वेगळं सांगावं लागलं. २८ दिवसांना एम४० या ताकदीच्या ग्रेडचं टार्गेट पार झालं. भेगा मोजक्याच निघाल्या, त्याही केसाएवढ्या.

पण या वेळी फिनिशिंग होताच फवारा सुरू केला होता आणि ओलं गोणपाटही जास्त दिवस ठेवलं होतं. मग फरक कमी सिमेंटने पडला की क्युअरिंगने, म्हणजे ओलं ठेवण्याने? माझा कौल सिमेंटला आहे, पण हातात पुरावा नाही. तो मिळवायला पुलाचा स्पॅन पणाला लावणार नाही. प्लँटच्या आवारात दोन्ही मिक्सचे पॅनेल (चाचणीचे छोटे स्लॅब) एकाच दिवशी, एकाच क्युअरिंगमध्ये भरायचे, असा अर्ज दिलाय. खर्च कुणाच्या खात्यात टाकायचा, यावर फाइल अडली आहे.