माझं उत्तर ९४७ आलं होतं

अमृत महोत्सवाची पत्रिका पोस्टाने आली. पाकिटावर शाळेचा जुनाच शिक्का होता, ज्यातली समईची उजवीकडची ज्योत कधीच नीट उमटायची नाही. ती तशीच अर्धी पाहिली आणि मी उभ्या उभ्याच पत्रिका दोनदा वाचली. सोबत संपादक मंडळाची चिठ्ठी होती, स्मरणिकेसाठी दोन पानं लिहा म्हणून.

दोन पानांत मला एकाच व्यक्तीबद्दल लिहिता येईल. मुख्याध्यापक सरांची शिस्त, स्नेहसंमेलनातली नाटकं, आंतरशालेय कबड्डीची ढाल, यांवर माझे वर्गमित्र लिहितीलच. मी विज्ञानाच्या बाईंबद्दल लिहितो. आमच्या वेळच्या मुलांना नाव सांगायची गरज नाही. शाळेत बाई आठ-दहा होत्या, पण नुसतं ‘बाई’ म्हटलं की त्याच.

मी १९८६-८७ साली नववीत होतो, तुकडी ‘ब’. त्या वर्षी पहिल्यांदाच २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा व्हायचा होता, आणि बाईंनी जानेवारीपासूनच विज्ञान मंडळाच्या मुलांना कामाला लावलं होतं. माझ्या गटाकडे साधा दोलक आला. खरं तर तो अकरावीचा प्रयोग, पण बाई म्हणायच्या की दोरा, गोळा आणि घड्याळ एवढ्यावर पृथ्वीचं गुरुत्वत्वरण, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते, काढता येत असेल तर अकरावीपर्यंत कशाला थांबायचं. प्रयोगशाळेच्या तिसऱ्या खिडकीच्या चौकटीला वर एक लोखंडी आकडा होता, त्याला दोरा बांधायचा. दोऱ्याची लांबी ४०, ६०, ८० आणि १०० सेंटिमीटर घ्यायची, प्रत्येक वेळी २० आंदोलनांना लागणारा वेळ तीनदा मोजायचा आणि सूत्रात घालून उत्तर काढायचं. स्टॉपवॉच पी. टी.च्या सरांकडून मागून आणलेलं.

आम्ही प्रयोग केला आणि उत्तर भलतंच आलं. पुस्तकात ९८० होतं (सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग), आमचं ९५०च्या आसपास घुटमळत होतं. गटातली बाकीची मुलं सूर्यघड्याळाच्या गटाला मदत करायला निघून गेली. मी घरी आलो आणि संध्याकाळी देवघरापुढच्या पाटावर बसून रीडिंग जुळवली. म्हणजे ९८० वरून उलटं गणित करून किती सेकंद यायला हवे होते ते काढलं, इकडेतिकडे थोडा फरक ठेवला आणि वहीत स्वच्छ अक्षरात तक्ता लिहिला. चार लांबींची चार उत्तरं : ९७८, ९८०, ९८१, ९७९. मला त्या तक्त्याचा अभिमान वाटला होता, हे आज लिहिताना लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वही पाहिली. रागावल्या नाहीत. पेन्सिल घेऊन त्यांनी समासात एक छोटं गणित मांडलं. ‘‘तुझं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंतच दाखवतं. ६० सेंटिमीटरच्या दोऱ्याला वीस आंदोलनांना साधारण साडेएकतीस सेकंद लागतात. बटण दाबताना एक दशांश सेकंद जरी पुढेमागे झालं, तरी उत्तर सहाने हलतं. आणि तुझी चारही उत्तरं तीनाच्या आत बसली आहेत. अरे, इतका स्थिर हात माझासुद्धा नाही.’’

मी काहीच बोललो नाही. बाईंनी वही मिटून माझ्या हातात दिली. ‘‘शनिवारी शाळा सुटल्यावर थांब. डबा आण.’’

शनिवारची शाळा सकाळची. बारा वाजता शाळा रिकामी झाली आणि प्रयोगशाळेत आम्ही दोघंच उरलो. बाईंनी खिडकीखाली स्टूल ओढलं, पदर खोचला आणि म्हणाल्या, ‘‘तू मोजायचं, मी लिहिणार. खोडायचं नाही. जे येईल ते शाईने.’’ आणि खरंच शाईचं पेन काढलं.

दोन तास आम्ही दोलक मोजत होतो. गोळा फार लांब खेचायचा नाही, नुसता बोटभर बाजूला घेऊन सोडायचा. तो मधल्या जागेवरून जाताना घड्याळ सुरू करायचं, टोकाला नाही, कारण टोकाला तो रेंगाळतो आणि नेमका क्षण पकडता येत नाही. हे बारकावे बाईंनी त्या दिवशी दाखवले. सगळं संपल्यावर सूत्रात आकडे घातले. ४० सेंटिमीटरला ९३२ आलं. ६०ला ९४७. ८०ला ९५५. १००ला ९५९.

सगळी चूकच. माझा चेहरा पडला. बाईंचा मात्र उजळला, तो मला अजून दिसतो. त्यांनी बोट तक्त्यावरून खाली नेलं. ‘‘बघ, चूक आहे, पण कशी आहे? दोरा लांब होतो तशी कमी होत जाते. उगाच झालेली चूक अशी ओळीने चालत नाही.’’

मग आलेख कागद काढला. आडवी लांबी, उभा आवर्तकालाचा, म्हणजे एका आंदोलनाला लागणाऱ्या वेळाचा, वर्ग. चार बिंदू पट्टीने आखल्यासारखे एका रेषेत आले. ती रेषा मूळबिंदूतून जायला हवी, पण आमची रेषा डावीकडे सरकून आडव्या अक्षाला उणे दोनपाशी छेदत होती. बाईंनी तिथे पेन्सिलीने बारीक गोल केला आणि म्हणाल्या, ‘‘तुझे दोन सेंटिमीटर इथे हरवलेत. शोध.’’

मला दहा मिनिटं लागली. मी दोरा मोजताना वरच्या आकड्यापासून खालच्या गाठीपर्यंतच मोजत होतो. गाठीखाली गोळ्याची कडी एक सेंटिमीटर, आणि कडीपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत आणखी एक. लांबी मोजायची ती गोळ्याच्या मध्यापर्यंत. आखूड दोऱ्यात दोन सेंटिमीटरची उणीव मोठी पडते, लांब दोऱ्यात कमी, म्हणून उत्तरं अशी ओळीने चढत गेली होती. आणि त्या रेषेच्या चढावरून उत्तर काढलं तर ९७८ आलं. माझी एकही लांबी बरोबर नसताना!

त्या दुपारी डब्यातली पोळी-भाजी आम्ही प्रयोगशाळेच्या टेबलावरच खाल्ली. बाईंनी आपल्या डब्यातली कैरीची फोड मला दिली.

२८ फेब्रुवारीला प्रदर्शन झालं. बाईंनी माझा चुकीचा तक्ता, ९३२, ९४७, ९५५, ९५९, मोठ्या अक्षरात चार्टवर लिहायला लावला आणि शेजारी आलेख चिकटवला. एक पाहुणे आले, त्यांनी चष्मा वर करून ‘‘हे उत्तर चुकलंय’’ म्हटलं. बाईंनी मला पुढे केलं. मी हरवलेल्या दोन सेंटिमीटरची गोष्ट सांगितली. पाहुणे मान डोलावून पुढे गेले, त्यांना ती कितपत पटली कुणास ठाऊक. त्यानंतर बाईंनी सभागृहात रामन यांच्याबद्दल जे सांगितलं, ते मी पुढे पदवीला शिकताना पुन्हा वाचलं, पण मला समजलं ते त्या दिवशीच. कलकत्त्यातल्या त्या प्रयोगशाळेत एका रंगाचा प्रकाश द्रवावर पाडायचे आणि तो रंग पूर्ण अडवणारी दुसरी काच डोळ्यापुढे धरायचे. मग काहीच दिसायला नको. तरी एक मंद उजेड उरायचा. १९२३ साली रामन यांचे विद्यार्थी रामनाथन यांना तो दिसला होता. द्रवातल्या अशुद्धीमुळे असेल म्हणून द्रव पुन्हा पुन्हा शुद्ध केला, पण उजेड गेला नाही. रामन यांनी त्याचा पिच्छा सोडला नाही, आणि १९२८च्या २८ फेब्रुवारीला त्याचा उलगडा झाला. बाई म्हणाल्या, ‘‘पाच वर्षं तो उजेड त्यांच्या वहीत होता. कुणी खोडला नव्हता.’’ हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं की नाही ते आठवत नाही. मला तसं वाटलं एवढं खरं.

त्याच दिवशी त्यांनी फळ्यावर कापरेकरांचा खेळ मांडला. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर आदल्याच वर्षी गेले होते. चालू साल घ्या म्हणाल्या, १९८७. अंक उतरत्या क्रमाने ९८७१, चढत्या क्रमाने १७८९, वजा केले की ८०८२. पुन्हा तेच, ८८२० वजा ०२८८, आले ८५३२. पुन्हा ८५३२ वजा २३५८, आणि ६१७४. इथून पुढे कितीही वेळा करा, ६१७४च. मग प्रत्येकाने आपापलं जन्मसाल घेतलं. माझं १९७२. मला सात पायऱ्या लागल्या, आणि सातच्या वर कुणालाच लागत नाहीत, फक्त चारही अंक सारखे नकोत. हे एका शाळामास्तरांनी शोधलं, परदेशातल्या गणितज्ञांनी नंतर उचलून धरलं, हे सांगताना बाईंचा आवाज भरून आला होता.

आमच्याकडे विंचू चावून माणूस दगावणं तेव्हा नवलाचं नव्हतं. पावसाळ्याच्या तोंडावर लाकडं, गवत काढताना लाल विंचू निघायचा. बाईंचं माहेर महाडजवळच्या बिरवाडीकडचं. तिथल्या आरोग्य केंद्रात पूर्वी असलेले एक डॉक्टर विंचवाच्या रुग्णाशेजारी बसून नाडी, घाम, रक्तदाब सगळं लिहून ठेवतात, हे त्या आम्हाला सांगायच्या. ते डॉ. हिंमतराव बावस्कर, हे मला पुष्कळ नंतर कळलं. विषामुळे रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी होतं आणि माणूस जातो. हा क्रम त्यांनी खाटेशेजारच्या नोंदींतून मांडला, १९८२ साली त्यांचं निरीक्षण ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं स्वस्त औषध त्यांनी विंचूदंशावर वापरून माणसं वाचवली. गावातल्या आरोग्य केंद्रातली वही लंडनच्या नियतकालिकापर्यंत पोचली.

आता माझ्याबद्दल थोडं. मुंबईला भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणोत्सारी भौतिकीची पदविका केली आणि गेली पंचवीसहून अधिक वर्षं मी कर्करोग रुग्णालयात वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ म्हणून काम करतो. रुग्णाला डॉक्टरांनी ठरवलेली किरणांची मात्रा मशीन नेमकी तेवढीच देतं का, हे तपासणं माझं काम. त्यासाठी पाण्याने भरलेल्या टाकीत बोटाच्या पेराएवढी, किरणं मोजणारी आयनीकरण कुपी ठेवून मापन करतात. कुपीत हवा असते, आणि हवा तापली की विरळ होते, म्हणून तापमानाची आणि हवेच्या दाबाची दुरुस्ती करावी लागते.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका सकाळी आमचं मशीन दीड टक्का जास्त मात्रा दाखवू लागलं. आमची मर्यादा दोन टक्के, म्हणजे आकडा मर्यादेतच होता. सोबतचा तरुण सहकारी हुशार आणि प्रामाणिक मुलगा, म्हणाला, ‘‘सर, मर्यादेत आहे, मशीनचं सेटिंग तेवढं खाली घेऊ आणि पुढे जाऊ.’’ मी त्याला थांबवलं. आदल्या तीन महिन्यांच्या नोंदी काढल्या. त्यांत असा उतारचढाव कुठेच नव्हता, मशीन एका रेषेत चाललं होतं. मग टाकीत हात घातला. पाणी गार होतं. सकाळी टाकी नळाच्या पाण्याने नव्याने भरली होती आणि आम्ही तापमान लिहीत होतो खोलीचं, २२ अंश. पाण्यात तापमापक बुडवला, १८ निघालं. गार पाण्यात कुपीतली हवा दाट, म्हणून चार अंशांच्या फरकानेच आकडा सुमारे एक पूर्णांक चार दशांश टक्का जास्त. मशीन ठीक होतं. त्या दिवशी आम्ही ते ‘दुरुस्त’ केलं असतं, तर त्यानंतरच्या प्रत्येक रुग्णाला मात्रा कमी गेली असती, रोज, पाच-सहा आठवडे.

सहकाऱ्याने विचारलं, सर, पाण्यात हात घालायचं कसं सुचलं? मी त्याला तिसऱ्या खिडकीची गोष्ट सांगितली.

मागच्या वर्षी गावी गेलो होतो तेव्हा शाळेत डोकावलो. प्रयोगशाळेत आता मोठा पडदा आहे, दोलक पडद्यावर हलतो आणि उत्तर बरोबर येतं. सोय चांगली आहे, देणगीदारांचे आभारच मानायला हवेत. पण मुलांच्या जर्नलमध्ये सगळ्यांची रीडिंग सारखीच दिसली, आदल्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवलेली, आणि मला वाईट वाटलं. सागवानी टेबलं गेली. आकडा मात्र अजून चौकटीला आहे, त्यावर रंगाचे चार-पाच थर बसलेत.

बाई आता ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, मुलीकडे असतात. समारंभाला येणार असं त्यांनी फोनवर कबूल केलं आहे. मी त्यांना विचारलं, आलेख कागद आणू का? म्हणाल्या, ‘‘आण. पण चष्मा नवा आहे, बारीक रेघा दिसतील की नाही बघू.’’

कार्यक्रम दहाला आहे. मी आठलाच येतो. माझा जुना आलेख, दोन स्टॉपवॉच आणि मीटरपट्टी घेऊन येईन. आताच्या नववीतली चार-पाच मुलं, ज्यांना यायचं असेल ती, तासभर द्यावीत अशी मुख्याध्यापकांना विनंती. कडीचा गोळा कपाटात खालच्या खणात असायचा, नसला तर आधी कळवा. आणि त्याआधी शाळा रंगवणार असाल तर तिसऱ्या खिडकीचा आकडा तेवढा सोडा.