फ्लिक स्टिक: १८० अंश अखेर १८० झाले

मंडळी, सुटलं एकदाचं! मागच्या नोंदीत "फ्लिक कमी पडतोय, बघते" एवढंच लिहून सोडलं होतं. तेव्हापासून जायरो (कंट्रोलर हलवून नेम धरणं), बटणं, लेआउट सगळं बाजूला ठेवून याच एका गोष्टीच्या मागे लागले होते.

लक्षण असं. फ्लिक स्टिकमध्ये कंट्रोलरची उजवी स्टिक जिकडे ढकलाल तिकडे कॅमेरा झटक्यात वळतो, तोच फ्लिक. स्टिक सरळ मागे ओढली की त्याने अर्धं वळण घ्यायला हवं. माझा कधी १५०ला थांबायचा, कधी १६०ला, आणि मध्येच एखादा बरोब्बर १८०. ९०चे फ्लिक मात्र नेहमी चोख. दर वेळी सारखाच कमी पडला असता तर एक आकडा बदलून मोकळी झाले असते. हा मनाला येईल तिथे थांबत होता.

पहिला संशय अर्थातच कॅलिब्रेशनवर. गेममध्ये एखाद्या खांबाकडे तोंड करून उभं राहायचं, स्टिक कडेला टेकवून सावकाश गोल फिरवायची. लागोपाठ फेऱ्या मारल्या तरी प्रत्येक फेरीअखेर खांब क्रॉसहेअरखालून (नेमाच्या खुणेखालून) तसूभर हलला नव्हता. म्हणजे जॉयशॉकमॅपरमधला (कंट्रोलरच्या हालचाली माउस-कीबोर्डच्या म्हणून गेमला पाठवणारा प्रोग्राम) रिअल वर्ल्ड कॅलिब्रेशनचा, म्हणजे माउसच्या किती हालचालीला किती वळण याचा, आकडा बरोबर. दुसरा संशय विंडोजच्या 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन'वर. पण ते चालू असेल तर वेगातली हालचाल वाढते, फ्लिक १८०च्या पुढे जायला हवा होता. तिसरा माउस स्मूदिंगवर. स्मूदिंगमुळे उशीर होतो, पण कॅमेरा रेंगाळत का होईना मुक्कामाला पोचतो. माझा वाटेतच बसकण मारत होता.

धागा सापडला तो मॅपमुळे. गोदामाच्या आत फ्लिक पूर्ण, बाहेर धुरात आला की अपुरा. गोदामात फ्रेमरेट (सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या फ्रेम) १४०च्या वर असतो, धुरात ६०पर्यंत घसरतो. मग फ्रेमरेट मुद्दाम बांधून पाहिला. १४४ला फ्लिक चोख, ६०ला १५०-१६०, आणि ३०ला तर जेमतेम मान वळवल्यासारखा.

आता हिशेब बघा. माझ्या सेटिंगला या गेममध्ये एक पूर्ण फेरी म्हणजे माउसचे साधारण ८००० काउंट (माउस हालचाल मोजतो ती एककं). १८०चा फ्लिक म्हणजे ४०००. जॉयशॉकमॅपरचा फ्लिक टाइम मुळात ०.१ सेकंद. १४४ला तेवढ्या वेळात १४ फ्रेम बसतात, म्हणजे फ्रेममागे २८६ काउंट. ६०ला सहाच फ्रेम, फ्रेममागे ६६७. ३०ला तीन फ्रेम आणि १३३३. ही झाली सरासरी. फ्लिक सुरुवातीला जोरात निघतो आणि शेवटी मंदावतो, त्यामुळे पहिल्या फ्रेमवर याहून जास्त भार पडतो. सगळं याच्याशी जुळतं: गेम एका फ्रेममध्ये ठरावीक काउंट घेतो आणि वरचे सरळ टाकून देतो. माउसवाल्यांना हे कधी जाणवणारच नाही. ८०० डीपीआयवर (इंचाला ८०० काउंट) ४००० काउंट म्हणजे पाच इंच. एवढं अंतर ०.१ सेकंदात कोण ओढतंय!

पहिला उपाय केला तो फ्लिक टाइम ०.२ करायचा. ६० फ्रेमलाही १८० पूर्ण झाले. पण हाताला मजा येईना. लहानसा ३० अंशांचा फ्लिकसुद्धा तेवढाच वेळ खायला लागला.

दुसरा उपाय म्हणजे गेमच्या आतली सेन्सिटिव्हिटी दुप्पट करायची. फेरीचे काउंट ४००० झाले, फ्रेममागचा भार निम्मा, फ्लिक टाइम परत ०.१. जॉयशॉकमॅपर मला आवडतो तो इथेच. 'इन गेम सेन्स'ची एक ओळ बदलली की फ्लिक आणि जायरो दोन्ही आपोआप नव्या मापाला लागतात. स्टीममधलं याच कामाचं स्टीम इनपुट दिसायला देखणं आहे, सुरुवात करणाऱ्याला मीही तेच सांगेन, पण असं काही उकरून काढायचं असेल तर टेक्स्ट फाइलला तोड नाही.

याची किंमत जायरोने मोजली. आधी एक काउंट म्हणजे ०.०४५ अंश होता, आता ०.०९. कमरेवरून गोळीबार करताना काही कळत नाही. स्कोप लावून लांबच्या खिडकीवर नेम धरला की क्रॉसहेअर सरकत नाही, पायऱ्या उतरतो. सुदैवाने स्कोपची सेन्सिटिव्हिटी गेममध्ये वेगळी आहे. ती निम्म्यावर आणली, डावा ट्रिगर दाबलेला असताना जायरोचा गुणक तेवढाच वाढवला, आणि पायऱ्या गेल्या. पहिल्यांदा खिडकीतल्या डोक्यावर क्रॉसहेअर अलगद जाऊन बसला तेव्हा गोळी झाडायचीच राहिली.

डावा ट्रिगर दाबल्यावर उजवी स्टिक मात्र रिकामी पडते. स्कोपमध्ये फ्लिक हवाय कुणाला? तिथे तिच्या डाव्या-उजव्या बाजूला झुकून डोकावायची बटणं देणार होते...

थांबा, हे लिहिता लिहिता सुचलं. फ्लिक टाइम एक्स्पोनंट! तो मुळात ० असतो, म्हणून छोटा-मोठा प्रत्येक फ्लिक सारखाच वेळ घेतो. फ्लिक टाइम ०.२ ठेवून हा १ केला तर वेळ कोनाच्या प्रमाणात. म्हणजे १८०ला सावकाश, ३०ला चटकन, आणि सेन्सिटिव्हिटी दुप्पट करायचं कारणच उरत नाही. सगळं पुन्हा ८०००वर नेऊन हे आधी करून बघते. डोकावण्याचं नंतर.

बाकी किरकोळ. जायरो माउस म्हणून आणि डावी स्टिक गेमपॅड म्हणून, असं एकत्र पाठवणं सोडून दिलंय. पडद्यावरची बटणांची चित्रं सारखी लुकलुकायची आणि चालता चालता पाय अडखळायचे. आता सगळंच कीबोर्ड-माउस. स्टिक हलकी दाबून हळू चालणं गेलं खरं, पण आतल्या रिंगला (स्टिक कडेपर्यंत न नेता अर्धवट ढकलली की) चालण्याची की लावल्यावर निम्मं काम भागतं. मागे चिकटवायची जादा बटणं मागवली होती, ती डगडगतात. प्रत्येक दाबाला जायरो हलतो. परत पाठवली.

हॉल स्टिकवाला (चुंबकाने स्टिकची जागा ओळखणारा) कंट्रोलर घ्यायचा बेतही तूर्त लांबणीवर. ड्रिफ्टची (हात न लावता स्टिक सरकण्याची) कटकट कमी होईल, पण विंडोजच्या नेहमीच्या एक्सइनपुट पद्धतीत जायरोला जागाच नाही, आणि जायरोसाठी स्विच मोडमध्ये (निन्टेंडो स्विचचा कंट्रोलर असल्यासारखा) चालवला तर ट्रिगर नुसते चालू-बंद होतात. माझं सगळं लेआउट डाव्या ट्रिगरच्या अर्ध्या दाबावर उभं आहे, त्यामुळे ड्युअलसेन्सच (प्लेस्टेशन ५चा कंट्रोलर) बरा. असा कंट्रोलर कुणी स्विच मोडमध्ये वापरत असेल तर अर्ध्या दाबाची सोय कशी केलीत ते जरूर लिहा.