विसरण्यासाठी वही

चित्रकाराची वही हाती लागली की माझं लक्ष आधी समासाकडे जातं. एका कोपऱ्यात हाताचं रेखाटन, शेजारी कुठला रंग संपत आलाय त्याची नोंद, खाली दूधवाल्याचा हिशेब. हल्ली कॅमेऱ्यासाठी सजवलेल्या स्केचबुकांतून हा दूधवाला गायब असतो. मग त्या पानांवर माझा विश्वासच बसत नाही.

या बाबतीत माझा लाडका माणूस यूजीन देलाक्रवा. १८३२ च्या जानेवारीत हा फ्रेंच चित्रकार एका सरकारी शिष्टमंडळाबरोबर मोरोक्कोत, तांजिअरला उतरला. तिथून सुलतानाच्या भेटीसाठी मेक्नेसपर्यंत घोड्यावरून प्रवास. खोगिरावर बसून रंगपेटी कुठली उघडणार? पेन्सिलीने भराभर रेघा ओढायच्या, रंगाचं नाव त्या रेघांवरच लिहून टाकायचं आणि सवडीने जलरंग भरायचे. त्या पानांवर अक्षरं आणि चित्रं एकमेकांना खेटून बसली आहेत.

फेब्रुवारीत तांजिअरमध्ये त्याने एक ज्यू लग्न पाहिलं. नवरीबद्दल त्याने लिहिलंय, पण मी अडकतो तो व्हायोलिनवाल्यापाशी. अंगठा वर, दुसऱ्या हाताची आतली बाजू गडद सावलीत, मागे उजेड, डोक्यावरचं वस्त्र जागोजागी पारदर्शक, बाह्या पांढऱ्या. लग्नाहून आलेला माणूस जेवणाचं सांगेल, दागिन्यांचं सांगेल; हा बाह्यांचा पांढरा रंग घेऊन आला!

या लग्नाचं चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात लागलं ते थेट १८४१ मध्ये. एवढं सगळं टिपलेलं असताना नऊ वर्षं? १८५३ च्या डायरीत त्याने स्वतःच लिहिलंय, की बारीकसारीक तपशील विसरल्यावर, मनात ठसलेलं तेवढंच उरल्यावर त्या आफ्रिकेच्या प्रवासातून काही बरं हाती लागलं; तोवर नेमकेपणाचा सोस पाठ सोडत नव्हता. म्हणजे वह्या फुकट गेल्या? मुळीच नाही. वाण्याची यादी खिशात असली की डोकं मोकळं राहतं, तसंच हे. कागदावर आहे, कुठे जात नाही, अशी खात्री असल्याशिवाय विसरायची छाती होत नाही. त्या वह्या त्याने शेवटपर्यंत जवळ बाळगल्या. त्यातल्या चार आज शाबूत आहेत: तीन पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात, एक फ्रान्समधल्याच शांतिईच्या संग्रहालयात.

पुढे १८४७ पासून तो नेमाने रोजनिशी लिहू लागला. तीत रंगांची मिश्रणं, तब्येतीच्या कुरबुरी, संगीतकार शोपँबरोबरच्या गप्पा, सगळं एका पंगतीला. १८४८ ची डायरी मात्र भाड्याच्या बग्गीत राहिली, ती पुन्हा मिळालीच नाही. राजा पॅरिस सोडून पळाला, क्रांती झाली, नेमकं तेच वर्ष! इतिहासकारांनी हळहळावं, मला कुतूहल त्या बग्गीवाल्याचं. त्याने पानं उलटली असतील, तर आधी काय वाचलं असेल: क्रांती, पिवळ्यात काय मिसळायचं ते, की रात्रीचं जेवण पचलं नाही ते?