पेरलेलं झाकून ठेवावं

ज्येष्ठ वद्य दशमी, रात्र

पालख्या पुण्यात मुक्कामी आहेत. माउलींची भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात. गल्लोगल्ली वाटप चाललंय: केळी, राजगिऱ्याचे लाडू, चहा. केळं देणारा हात वारकऱ्यापुढे असतो आणि नजर मोबाईलकडे, फोटो निघाला का ते बघायला. केळं वारकऱ्याला पोचतं, सेवा मात्र फोटो बघणाऱ्यांच्या पायी जाते. धोका दिसायला एवढासाच असतो, म्हणून तर तो वर्षानुवर्षं लक्षात येत नाही.

आपल्याकडे पुत्रैषणा, वित्तैषणा, लोकैषणा म्हणजे मुलाबाळांची, पैशाची आणि लोकांकडून मिळणाऱ्या मानाची अशा तीन ओढी सांगतात. पहिल्या दोन निदान ओळखू येतात. तिसरीला नामस्मरण चालतं, उपास चालतो, दानही चालतं. साधना वाढली की तिचं खाद्यच वाढतं, आणि हे मला सगळ्यांत भयंकर वाटतं.

ज्ञानेश्वरीच्या 13व्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं अमानित्वापासूनच सुरू होतात. मान मिळू लागला की ज्ञानी माणूस पारध्याने घेरलेल्या हरणासारखा कासावीस होतो. लगेच पुढे अदंभित्व: शेतकरी पेरलेलं मातीनं झाकतो, तसं तो आपलं दानपुण्य झाकतो. उघडं राहिलेलं बी पाखरं टिपून नेतात. ते रुजणार कुठून?

स्वतःत हे तपासायचं तर काम संपल्यावर मनात पहिलं कोण येतं ते पाहावं. आभारात नाव राहून गेलं तर रात्री अंथरुणावर ते टोचतं का? मंडळात हरिपाठाला आवाज चढतो आणि घरी एकट्यानं म्हणताना तोच घाईघाईत उरकतो का? ही शेवटची खूण सहसा चुकत नाही.

मग आठवड्यातून एक काम असं करावं, ज्याचा पत्ता घरच्यांनाही लागू नये. पहिले दोन-तीन दिवस ते सारखं जिभेवर येतं, तिथंच गिळायचं. पुष्कळजण महिनाभर नेटानं गिळतात आणि मग 'मी कधी कुणाला सांगत नाही' हेच सांगून बसतात. सगळं बी पुन्हा उघड्यावर. कौतुक झालं की 'छे, माझं कसलं!' म्हणणंही तसलंच, कारण समोरच्याला ते दुसऱ्यांदा करावं लागतं. 'बरं वाटलं' म्हणावं, मागे भांडी घासत बसलेल्याचं नाव घ्यावं आणि पुढच्या कामाला लागावं. मानाच्या धास्तीनं सेवा मात्र सोडू नये. तसं केलं तरी हिशेब लोकांच्या नजरेचाच राहतो.

वारीत याची सोय रीतीतच आहे. कुणी पायाशी वाकलं की ज्याला नमस्कार झाला तोही तिथल्या तिथे वाकतो. सत्तरीचा टाळकरी शाळकरी पोराच्या पायाला हात लावतो, 'माउली' म्हणतो, टाळाची दोरी पुन्हा बोटाला गुंडाळतो आणि चालू लागतो.