तुम्ही विचारलंत म्हणून : आडिटर साहेबांचा डबा

"साहेब, कमावता एवढं, अन् हा डबा काहून घेऊन फिरून राहिले?"

दर उन्हाळ्यात आठ-दहा गावांत हा प्रश्न येतो. विचारणारा कधी गटसचिव असतो, कधी सोसायटीचा अध्यक्ष, कधी नुसतं पाणी द्यायला आलेलं पोरगं. मी सेवा सहकारी सोसायट्यांचं लेखापरीक्षण करतो. एप्रिल ते जुलै हा आमचा हंगाम. दारव्हा, दिग्रस, आर्णीच्या पट्ट्यात मोटरसायकलवर हिंडायचं, किर्द-खतावणी तपासायची, तेरीज, म्हणजे जमा-नावेच्या बेरजा, जुळवायची. पिशवीत काळा, जाड, कोपरे घासलेला थिंकपॅड लॅपटॉप. आजवर हसून वेळ मारून नेली. आता नीट सांगतो.

'डबा' तुम्ही चेष्टेनं म्हणता, पण तो खरंच डबा आहे. आयबीएमनं १९९२ साली थिंकपॅड ७००सी बाजारात आणला. त्या घडणीमागे रिचर्ड सॅपर हा जर्मन डिझायनर होता आणि त्याच्या मनात होता जपानी जेवणाचा डबा. बाहेरून साधा काळा. आत काय आहे ते उघडल्यावर कळावं. कळफलकाच्या मधोमध लाल टिकली. एका गावात म्हातारीनं विचारलं होतं, "याले कुकू कायले लावलं?" ती टिकली म्हणजे माउस. बोटानं रेटली की बाण सरकतो.

या कुंकवाचं मोल मे महिन्यात कळतं. पारा पंचेचाळीसवर, पत्र्याचं ऑफिस, पंखा बंद. हाताला घाम असला की साध्या लॅपटॉपचा टचपॅड वेड्यासारखा करतो. बाण भलतीकडेच पळतो. टिकलीला घामाचं काही नाही, तिला फक्त जोर समजतो.

लाईन जाण्याबद्दल मी तुम्हांला काय सांगावं!

पहिला थिंकपॅड मी २०१४ साली नागपुरात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, घेतला. सेकंडहँड, एक्स२२०, म्हणजे कंपनीनं २०११ मध्ये काढलेलं मॉडेल. कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, मागे मालमत्तेचा अर्धवट खरवडलेला स्टिकर. त्याची बॅटरी खटका दाबला की हातात येते. मी दोन ठेवायचो. एक संपत आली की मशीन बंद करायचं, दुसरी लावायची, पुढे चालू. रॅम बदलायची तर खालचा एक स्क्रू. कळफलक बदलायचा तर आणखी चार-दोन. कुठला स्क्रू कुठे, याची सगळी पुस्तिका कंपनीनंच जाहीर करून ठेवलेली. मी लेखापरीक्षक, मेकॅनिक नव्हे. तरी दोनदा कळफलक घरीच बदलला.

कळफलकाबद्दल जरा थांबू द्या, कारण सगळं भांडण तिथंच सुरू होतं. एक्स२२० वर कळांच्या सात ओळी आहेत. होम, एंड, पेज अप, पेज डाउन यांचा गठ्ठा उजव्या कोपऱ्यात वेगळा. चारशे सभासदांची कर्ज खतावणी वरखाली करणाऱ्याची बोटं न बघता तिथं जातात. २०१२ मध्ये कंपनीनं एक ओळ कमी केली. पेज अप आणि पेज डाउन बाणांच्या कुशीत आणून बसवले. वरचा बाण दाबायला जावं अन् अख्खं पान उडावं. जगभरचे जुने वापरकर्ते चिडले. काहींनी तर पुढच्या एक्स२३० मध्ये आधीच्या मॉडेलचा कळफलक बसवला, आतल्या प्रोग्रॅममध्ये फेरफार करून.

पुढच्याच वर्षी टिकलीसोबतची तीन बटणंही काढली आणि टचपॅडलाच दाबा म्हणाले. बैल ठेवायचा अन् कासरा सोडायचा, असा प्रकार. ओरड झाली, तेव्हा २०१५ मध्ये बटणं परत आली. २०१७ मध्ये पंचविशीनिमित्त सात ओळींचा एक खास थिंकपॅडही काढला, पण मोजक्याच संख्येत आणि १,८९९ डॉलरला. आमच्यासारख्यांनी फोटो पाहिला.

लोक म्हणतात, २००५ मध्ये आयबीएमनं हा धंदा चीनच्या लेनोवोला विकला, तिथंच सत्त्व गेलं. मला पटत नाही. माझा एक्स२२० लेनोवोचाच, सौद्यानंतर सहा वर्षांनी आलेला. आणि जुनं खातं काही साधूसंतांचं नव्हतं. त्याच एक्स२२० मध्ये कंपनीच्या यादीबाहेरचं वायफाय कार्ड घातलं की मशीन सुरूच व्हायला नकार देई. खरं कारण सोपं आहे. २००८ मध्ये ॲपलनं पाकिटातून काढून दाखवलेला मॅकबुक एअर आला आणि साऱ्या बाजाराला पातळपणाचं वेड लागलं. सुटी बॅटरी, सुटी रॅम, खोल कळा या सगळ्यांना जाडी लागते.

तुमच्याच भाषेत सांगायचं तर कपाशीच्या बियाण्यासारखं झालं. एखादा नंबर तुमच्या काळ्या जमिनीला मानवतो, चार वर्षं बोंडं चांगली लागतात, मग पाचव्या वर्षी दुकानदार म्हणतो, तो बंद झाला भाऊ, हा नवा घ्या, याहून भारी आहे. असेलही भारी. पण तुम्हांला तेच पाकीट हवं असतं. आणि संकरित वाण, म्हणून घरचं बी धरताही येत नाही.

मधे एकदा तुमचं ऐकलं होतं. दुसऱ्या एका कंपनीचा, नाव घेत नाही, कोरा पातळ लॅपटॉप घेतला. दुसऱ्या उन्हाळ्यात आतली बॅटरी फुगली, टचपॅड वर उचलला गेला. बॅटरी चिकटवलेली, उघडायची सोय नाही. नागपूरला बारा दिवस पडून होता, ऐन जूनमध्ये. त्या बारा दिवसांत मी तीन सोसायट्यांची तेरीज कागदावर जुळवली. तेव्हापासून पुन्हा डबा.

आता वापरतो तो टी४८०, २०१८ चा, तोही बर्डीवरचाच. यात दोन बॅटऱ्या आहेत, एक आत, एक बाहेर. आतली मशीन जागं ठेवते, तेवढ्यात बाहेरची बदलता येते; फाइल बंद करावी लागत नाही. विंडोज १० चा आधार, म्हणजे सुरक्षेच्या नियमित दुरुस्त्या, ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, तेव्हा एक्स२२० वर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची प्रणाली टाकून तो मुलीला दिला. टी४८० वर विंडोज ११ चालतं. पण २०१९ च्या टी४९० पासून ती बाहेरची बॅटरी गेली, आणि दोनपैकी एक रॅम बोर्डालाच कायमची डाखलेली, न निघणारी आली. २०२५ मध्ये तर एक्स९ नावाचा थिंकपॅड कुंकवाशिवायच आला.

तर मग रागावू का कंपनीवर? इथं माझी पंचाईत आहे. मी स्वतःला तिचा पक्का निष्ठावंत म्हणवतो, आणि आजवर तिला एक रुपया दिलेला नाही. माझे पैसे गेले बर्डीच्या दुकानदाराला. कंपनीचा खरा गिऱ्हाईक म्हणजे एकदम पाचशे नग घेणारा कुणी खरेदी अधिकारी. तो तीन-चार वर्षांत सगळे बदलतो. बॅटरी पाच वर्षांनी मरणार की सहा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तेव्हा ती माझ्या पिशवीत असते. त्यानं आज मागितलेला पातळपणा आमच्याकडे चार-पाच वर्षांनी पोचतो. २०१९ चा निर्णय मी आत्ता भोगायला लागलोय.

यातही एक बरी गोष्ट आहे. २०२४ च्या टी१४ मध्ये, म्हणजे त्याच्या पाचव्या आवृत्तीत, दोन्ही रॅम पुन्हा सुट्या केल्या, आणि दुरुस्ती किती सोपी याचे गुण देणाऱ्या आयफिक्सिटनं त्याला दहापैकी नऊ दिले. बाहेरची बॅटरी काही आली नाही. तरी हिशेब केला तर हे मशीन २०२८ च्या सुमाराला बर्डीवर उतरायला हवं. दुकानदाराला सांगून ठेवलंय. तो म्हणाला, "आले की फोन करतो, पण तवरिक हा टिकला पाहिजे ना सर."

टिकेल. सुट्या भागांसाठी दोन मेलेले टी४८० कपाटात आणून ठेवलेत. घरी मात्र त्यावरून रोज बोलणी खातो, कारण ते कपाट तुरीच्या डाळीचं होतं.