पन्ना कोटा : सहाव्या खेपेपर्यंतची नोंद

फेब्रुवारीच्या अखेरीस पन्ना कोटा करायला घेतला, तेव्हा हा सुट्टीच्या एका दुपारचा उद्योग आहे, असे मी गृहीत धरले होते. भट्टी नको, अंडी नकोत. दूध आणि क्रीम गरम करायचे, साखर विरघळवायची, जिलेटिन घालायचे आणि वाट्या फ्रिजमध्ये ठेवायच्या. इटलीच्या वायव्येकडील पिएमोंते प्रांतातल्या या पदार्थाच्या नावाचा अर्थ ‘शिजवलेले क्रीम’ असा असला, तरी त्यात शिजवणे नावापुरतेच असते. मला हवा होता तो पन्ना कोटा ताटलीत उलटल्यावर उभा राहणारा, ताटली हलवली की थरथरणारा आणि चावावे न लागता जिभेवर विरघळणारा. या तिन्ही गोष्टी एकत्र साधायला पाच खेपा लागल्या.

मूळ मिश्रण मी शेवटपर्यंत जवळपास एकच ठेवले : २५० मिली पिशवीतले फुल क्रीम दूध, २५० मिली पॅकमधले २५ टक्के स्निग्धांशाचे फ्रेश क्रीम, ५० ग्रॅम साखर आणि थोडा व्हॅनिला. दुसऱ्या खेपेत तेवढी पैसे वाचवण्याच्या नादाने घरची साय वापरली. ती दोनदा गाळूनही मिश्रणात कण राहिले आणि वर तुपासारखा तवंग आला. साय तूप कढवण्यासाठीच ठेवावी, असे माझे आता ठाम मत आहे.

पहिल्या खेपेत दहा ग्रॅमची जिलेटिनची पुडी सगळीच्या सगळी घातली. पन्ना कोटा साच्यातून सुटला तो चेंडूसारखा. मावशीने चमचा आपटून पाहिला आणि म्हणाली, “अगं, हा तर रबरी खरवस झाला.” खरवसाची तुलना मला मनापासून पटली, कारण चांगल्या खरवसालाही नेमकी हीच परीक्षा असते : वडी पडली पाहिजे, पण दात लागता कामा नयेत. दुसऱ्या खेपेत घाबरून चारच ग्रॅम घातले, तर साचा काढताच मिश्रण संथपणे ताटलीभर पसरले.

इथे चमच्याने मोजणे सोडून ०.१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा घेतला. या छंदातला माझा सर्वांत उपयोगी खर्च तोच. जिलेटिनची ताकद ‘ब्लूम’ या एककात सांगतात. ऑस्कर ब्लूम यांनी १९२५ साली पेटंट घेतलेल्या उपकरणावरून ते नाव पडले असून, ठरावीक तीव्रतेच्या गोठलेल्या जिलेटिनमध्ये एक दट्ट्या चार मिलिमीटर खोल दाबायला किती ग्रॅम भार लागतो, ते त्यात पाहतात. ती चाचणी करण्यापूर्वी जिलेटिन १० अंश तापमानाला सतरा-अठरा तास ठेवतात, हे वाचल्यावर माझी मोठी चूक लक्षात आली. मी चार तासांनी चव घेऊन प्रमाण ठरवत होते आणि जिलेटिन मात्र रात्रभर आणखी घट्ट होत राहत होते. माझ्या पुडीवर ब्लूमचा आकडा नाही. त्यामुळे खालची प्रमाणे माझ्या पुडीची समजावीत आणि दुसरी पुडी आणल्यास एका वाटीची चाचणी आधी घ्यावी.

तिसऱ्या खेपेत सहा ग्रॅम घातले. पण जिलेटिन घातलेले मिश्रण गॅसवर तसेच ठेवून मी फोन घ्यायला गेले आणि ते बराच वेळ खळखळ उकळले. पन्ना कोटा पुन्हा ढिला राहिला, कारण दीर्घकाळ उकळल्याने जिलेटिनची ताकद घटते. तेव्हापासून क्रम असा ठेवला आहे : जिलेटिन त्याच्या सहापट थंड पाण्यावर भुरभुरून दहा मिनिटे फुलू द्यायचे, दुधाच्या कडेला बारीक बुडबुडे दिसताच गॅस बंद करायचा आणि मगच फुगलेले जिलेटिन त्यात ढवळून विरघळवायचे. गरम पाण्यावर जिलेटिन टाकले, तर त्याच्या बाहेरून चिकट पण आत कोरड्या गुठळ्या होतात आणि त्या गाळणीतच राहतात.

चौथ्या खेपेत प्रमाण जमले, पण थर वेगळे झाले. वर पिवळसर क्रीम, खाली निळसर दूध. मिश्रण गरम असतानाच साच्यात ओतल्यामुळे गोठण्याआधी क्रीमला वर चढायला वेळ मिळाला होता. आता पातेले बर्फाच्या पाण्यात ठेवून, मिश्रण पातळ कस्टर्डइतके दाटेपर्यंत मी सावकाश ढवळते आणि मगच साचे भरते.

पाचवी खेप सहा ग्रॅमची आणि अठरा तासांची. साचा आठ सेकंद गरम पाण्यात धरून उलटला आणि पन्ना कोटा अलगद, थरथरत ताटलीत उतरला. अर्ध्या वाट्यांवर डबाबंद हापूसचा रस ओतला, तो उत्तम लागला. उरलेल्यांवर ताज्या अननसाचे तुकडे ठेवले आणि सकाळी त्यांच्याखाली पाणी झालेले आढळले. अननसातले ब्रोमेलेन हे विकर प्रथिने तोडते आणि जिलेटिन म्हणजे प्रथिनच. तुकडे आधी पाकात शिजवले असते, तर विकर निकामी झाले असते.

सहावी खेप मावशीसाठी. जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांतल्या कोलॅजेनपासून बनते, हे पहिल्या खेपेनंतर तिला सांगावेच लागले (आधी सांगायला हवे होते, हेही कबूल). ती शाकाहारी असल्यामुळे या वेळी समुद्री शेवाळापासून मिळणारा चायना ग्रास वापरला : दीड ग्रॅम पूड थोड्या पाण्यात तीन मिनिटे उकळून, कोमट केलेल्या दूध-क्रीममध्ये घातली. कोमट केलेल्या हा शब्द महत्त्वाचा आहे; चायना ग्रास चाळीस अंशांच्या आसपासच गोठू लागतो, त्यामुळे थंड दुधात तो पडताच त्याचे कण होतात. पन्ना कोटा ओट्यावरच गोठला, फ्रिजची वाटही पाहावी लागली नाही. मात्र तो थरथरत नाही. चमच्याने कापला की तुटतो आणि दुसऱ्या दिवशी कडेने पाणी सोडतो. गोठलेला चायना ग्रास पुन्हा वितळायला सुमारे ८५ अंश तापमान लागते, जिलेटिन मात्र शरीराच्या उष्णतेलाच वितळते. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जिवाणू वाढवताना जिलेटिन उबेने पातळ होत असे. १८८१ च्या सुमारास तिथल्या एका संशोधकाच्या पत्नी फॅनी हेस यांनी आपल्या स्वयंपाकघरातल्या अनुभवावरून त्याऐवजी आगर, म्हणजे हाच चायना ग्रास, सुचवला. प्रयोगशाळेला जो जिलेटिनचा दोष वाटला, त्याच्याचसाठी मी पाच खेपा खर्ची घातल्या.

मावशीने दोन वाट्या संपवल्या आणि वेलची-जायफळ हवे होते, असे सांगितले. पुढच्या खेपेत तिच्यासाठी चायना ग्रास १.२ ग्रॅमवर आणून, साचा न उलटता वाटीतच वाढणार आहे. जिलेटिनच्या पन्ना कोट्यातही, उभे राहण्याची अट नसेल तेव्हा, ४.५ ग्रॅम पुरतील असा अंदाज आहे. त्या वाट्या आज रात्री लावत आहे.