सामान तर काहीच टाकलं नाही, मग पैसे कशाचे?

अंबड तालुक्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. आयटीआय झाल्यापासून हेच करतो. आमच्या धंद्याचा हिशोब सरळ, जळालेली मोटर यायची, जुनी कॉइल तोडायची, नवी तार भरायची, वार्निश मारायचं अन् बिल एचपीवर नाहीतर तांब्याच्या वजनावर. रात्रीची लाईट, कमी व्होल्टेज, मधीच एक फेज गायब, त्यानं मोटरी जळायच्या अन् यावरच आमचं पोट चालायचं, खरं सांगायला लाज कशाची.

मग २०१९ ला सोलर पंपाची कुसुम योजना आली, २०२४ ला मागेल त्याला सौर कृषी पंप. शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे, एससी एसटीला पाचच, अन् पाच वर्षं दुरुस्ती कंपनीकडं. आता शिवारात जिकडं बघावं तिकडं सोलरच्या प्लेटा. त्यात प्लेटांची वीज मोटरीला देणारा डबा म्हणजे कंट्रोलर, तो ओव्हरलोड, ड्राय रन म्हणजे पाण्याविना फिरणं, सगळं सांभाळतो म्हणून मोटर जळतेच कमी. आमच्यातल्या एकानं दुकान मोडून पिकअप घेतली. माझ्याच्यानं ते होणार नव्हतं, मला ड्रायव्हिंगचा कंटाळा.

सूर्यमित्र नावाचा सरकारी कोर्स आहे, चांगला आहे म्हणतात, पण तो तीन महिने तिथंच राहून करायचा अन् तेवढे दिवस शटर खाली ठेवलं तर घरात काय शिजवायचं? म्हणून जेवण झालं की मोबाईल घेऊन बसायचो, हिंदीतले व्हिडिओ, कंट्रोलरच्या इंग्रजी मॅन्युअलच्या पीडीएफ, एरर कोड समजला नाही की कॅमेरा धरून मराठीत करायचा, ते भाषांतर कधीकधी असलं भारी यायचं की हसू आवरायचं नाही. भंगारातून एक तडकलेली छोटी प्लेट आणली, तिला बारा व्होल्टचा बल्ब जोडला अन् वरून हाताची सावली पाडून बघायचो. सावली पडली की बल्ब झपकन मंद, पण बल्ब काढून नुसता मीटर लावला तर व्होल्ट जवळपास तेवढेच. बायको म्हणायची, उन्हात बसून काय खेळ लावलाय.

जानेवारीत एका अण्णांचा फोन आला. आमच्याकडं मोसंबी म्हणजे काय ते जालन्याच्या माणसाला सांगायला नको, २०१६ ला जीआय म्हणजे भागाच्या नावाचा सरकारी शिक्का मिळालाय तिला. आंबे बहाराच्या फुलासाठी झाडं ताणावर, म्हणजे पाणी तोडून ठेवतात अन् जानेवारीत ताण तोडायला पाणी सोडतात, तिथं चुकलं की वर्षाचा बहार हातातून जातो. अन् नेमकं तेव्हाच अण्णांचा पाच एचपीचा सोलर पंप पाणी फेकंना. टोल फ्रीवर तक्रार झालेली, माणूस येईल येईल चाललेलं. मी पोचलो तर पुतण्यानं मोटर वर काढायला चेनपुलीवाली पोरं बोलावून ठेवलेली.

"मिस्तरी, मोटर गेली. फोनवर कंपनीवाल्यानं व्होल्ट चेक करायला लावले, प्लेटांचे व्होल्ट बरोबर येऊ राह्यले. मग मोटरच ना?"

आधीचा मी असतो तर म्हणलो असतो, काढा. पण मेगर म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर लावला तर इन्सुलेशन चांगलं, तिन्ही वायंडिंग सारख्या. मग कंट्रोलर चालू करून डिस्प्लेजवळ उभा राहिलो. भर बाराचं ऊन अन् हर्ट्झ, म्हणजे मोटरीच्या वेगाचा आकडा, तिसाच्या वर जाईना, अन् वेग वाढायला लागला की प्लेटांकडून येणारे डीसी व्होल्ट खाली बसायचे. पंपाचा वेग निम्मा झाला तर पाणी चढायची उंची चौथा हिस्साच राहते, म्हणजे मोटर खाली फिरतीय पण पाणी बोअरमधून वर यायलाच तयार नाही. मोटर बंद असताना मोकळे व्होल्ट बरोबर, लोडवर बसतात. मला एकदम ती भंगारातली प्लेट आठवली.

प्लेटांकडं गेलो. समोर दक्षिणेला मोकळी जागा दिसली म्हणून तुरीच्या तुराट्यांची लांबच लांब गंज घातलेली, माणसाच्या दीडपट उंच. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा काही फरक पडला नसता, पण हिवाळ्यात तो दक्षिणेकडं कलतो अन् गंजीची सावली भर दुपारीही खालच्या सगळ्या प्लेटांवर. माळेतल्या लाईटीसारख्या एकामागं एक जोडलेल्या असतात त्या, खालची रांग झोपली की सगळ्यांचाच दम जातो. चेनपुलीच्या पोरांनाच गंज हलवायला लावली. जसजशी सावली सरकली तसे हर्ट्झ वर, ३६, ४१, ४७, अन् पाइपातून आधी नुसती हवा, मग गढूळ पाणी, मग मोसंबीच्या आळ्यात धो धो.

मी पाचशे सांगितले. पुतण्या म्हणला, "मिस्तरी, सामान तर काहीच टाकलं नाही, मग पैसे कशाचे?"

आता याला काय सांगावं. तार टाकली असती तर हजारो रुपये मुकाट्यानं दिले असते. मी एवढंच विचारलं, मोटर काढायचे किती ठरले होते? अण्णा हसले, तीनशे काढून दिले, बाकी मोसंबी विकल्यावर म्हणले. ते बाकी अजून बाकीच आहेत.

त्यानंतर मी दुकानात पाटीच लावली, सोलर तपासणी गावात ३००, शिवारात ५००, सामान लागो न लागो. लोक कुरकुरतात, पण आधीच माहीत असलं की देतात. अन् गंमत म्हणजे त्याच पुतण्याचा फोन आला, कोणता मीटर घेऊ म्हणून. मी म्हणलं, हजार व्होल्ट डीसीचाच घे, या पाच एचपीच्या माळेत सहा-सातशे व्होल्ट असतात, अन् पंप चालू असताना कनेक्टर ओढू नको, डीसीची ठिणगी सहजासहजी तुटत नाही, हात जळतो. आता तो गावातले पंप बघू राह्यला, माझं गिऱ्हाईक थोडं कमी झालं असेल.

मी सध्या कंट्रोलरच्या बोर्डात डोकं घातलंय. वॉरंटीतल्याला हात लावत नाही, शेतकऱ्याचा क्लेम जातो. पण २०२१ च्या सुमारास बसलेल्यांची पाच वर्षं भरत आलीत.